शिलेखान्याच्या किल्ल्या

१

शुक्रवारी एकेचाळिसावं पान ‘किल्ल्यांचा जुडगा’ या शब्दांनी सुरू होत होतं. सोमवारी ते ‘कावेरीस महापूर’ या शब्दांनी सुरू झालं.

गोपालकृष्णरावांनी चष्मा काढून उपरण्याला पुसला आणि पुन्हा डोळ्यांवर चढवला. शब्द तेच राहिले. त्यांनी आपली छोटी वही उघडली. पहिल्याच दिवशी, हंबीरे घराण्याची बखर हातात आली तेव्हा, त्यांनी साठही पानांचे पहिले दोन-दोन शब्द उतरवून घेतले होते. पानं सुटी होती, नुसती रुमालात बांधलेली. वाऱ्यानं उडाली तर क्रम लावता यावा, एवढाच हेतू. ही गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नव्हती, कारण सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं.

आता होतं.

साल १८९१. गोपालकृष्णराव कुंभकोणमच्या कॉलेजात रोमचा इतिहास शिकवत. दक्षिणेतल्या मानकरी घराण्यांचे वृत्तांत मद्रासला एका ग्रंथात छापले जायचे होते, आणि हंबीऱ्यांची मोडी बखर इंग्रजीत आणण्याचं काम एकोजीराव हंबीऱ्यांनी त्यांच्याकडे दिलं होतं. रोज कॉलेज सुटल्यावर ते एकोजीरावांच्या घरी येत, पुढच्या खोलीत बसत आणि चार-पाच पानं उरकत. चाळीस पानं झाली होती. शुक्रवारी उठताना ते सहज म्हणाले होते, “आता सोमवारी शिलेखान्याची हकिगत येईल.”

शिलेखाना म्हणजे तंजावरच्या राजवाड्यातली हत्यारांची कोठी. तिच्या किल्ल्या पिढ्यान् पिढ्या हंबीऱ्यांकडे. पस्तीस वर्षांपूर्वी राज्य खालसा झालं, वाड्याला मोहोर लागली, तेव्हा शिलेखाना एक काडीही न मोडता उघडला. म्हणजे किल्ली कुणीतरी दिली. कुणी, ते सगळं तंजावर जाणून होतं, किंवा तसं समजत होतं: धाकटे तुकोजी. कुटुंब कुंभकोणमला, तुकोजी तंजावरला चाकरीवर. त्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर ते घरी आलेच नाहीत. पळून गेले, असं ठरलं. तेव्हापासून घराण्याच्या श्राद्धात त्यांचं नाव घेत नसत.

गोपालकृष्णरावांनी नवं पान वाचलं.

‘कावेरीस महापूर आला ते समयी, शके १७७८ नलनाम संवत्सरे, आषाढ १८ रोजी, राजश्री तुकोजी हंबीरे यांणी बुडते भोई काढावयास पाण्यात उडी घातली. भोई वाचले. तुकोजी परत आले नाहीत. पुढे दो महिन्यांनी सरकारचे लोक शिलेखान्यास आले. किल्ली तुकोजीचे कमरेस होती ती नदीत गेली. सबब कुलूप फोडिले.’

“काय मास्तर, कुठवर आलात?” दारातून एकोजीराव आत आले. पन्नाशीचे, रुंद खांद्यांचे, शेतावरून परतलेले. नेसलेल्या वेट्टीच्या काठाला चिखल.

गोपालकृष्णरावांनी पान पुढे केलं. एकोजीरावांनी ते वाचलं, ओठ हलवत, सावकाश. मग आतल्या दाराकडे वळून त्यांनी हाक मारली, “भवानी! अगं भवानी, ये इकडे. तुझे बा सापडले!”

२

भवानीबाई तुकोजींची मुलगी. बाप गेला तेव्हा पाच वर्षांची होती, आता चाळीस. दारासुरमला सासर, पितृपक्षात कामाला हात म्हणून चुलतभावाच्या घरी यायची. पान ऐकताना तिनं खांबाला हात लावून ठेवला होता.

“पुन्हा वाचा,” ती म्हणाली.

गोपालकृष्णरावांनी पुन्हा वाचलं.

“म्हणजे बा पळाले नाहींत.”

“नाहीत ना!” एकोजीराव म्हणाले. “येत्या शुक्रवारी सर्वपित्री. सगळे भाऊबंद जेवायला येणार. त्यांच्यासमोर काकांचं नाव घेतो बघ मी. पस्तीस वर्षं आपण त्यांना पाणी दिलं नाही, केवढी चूक! मास्तर, हे पान नीट उतरवा. भाद्रपद वीसला आमचा माणूस मद्रासेस जातो आहे, तोवर कागद बांधून तयार असू द्या.”

भवानीबाई हसली नाही. “अण्णा, शुक्रवारी नाव घ्याल ना? नक्की?”

“घेतो म्हटलं ना.”

ती आत गेली. जाताना डोळे पुसले, पण गोपालकृष्णरावांना ते आनंदाचं पाणी वाटलं नाही.

त्यांनी त्या दिवशी कुणालाच काही सांगितलं नाही. खोटं पान उघड करणं म्हणजे त्या बाईच्या तोंडाशी आलेलं नाव काढून घेणं होतं. ते आधी तपासून पाहायला हवं होतं.

त्यांनी शेवटची पानं चाळली. बखरीच्या शेवटी जुन्या कागदाची कोरी पानं होती. पहिल्या दिवशी सात, आता सहा. अक्षर थोरल्यांचंच दिसत होतं. थोरले म्हणजे एकोजीरावांचे वडील, तुकोजींचे मोठे भाऊ; बखरीची शेवटची वीस पानं त्यांनी लिहिलेली. पण अक्षरावरून काही ठरणार नव्हतं. या घरात मोडी लिहिणारी तीन माणसं होती, तिघांनीही थोरल्यांच्याच हाताखाली गिरवलं होतं आणि तिघांचा कित्ता एकच होता. एकोजीराव. भवानीबाई. आणि सुंदरराव कारकून.

शनिवार-रविवारी तिघेही घरात होते.

सुंदरराव ओसरीवर दौत धूत बसले होते. कोरडी देहयष्टी, कपाळावर गंध, जिभेला धार.

“सुंदरराव, थोरल्यांचं अक्षर तुम्हांला हुबेहूब काढता येतं म्हणे.”

“येतं. थोरल्यांस स्वतःलाही नेहमी येत नसे.” त्यांनी मान वर केली. “का? काही उतरवायचं आहे, की काही चिकटवायचं आहे?”

“समजा, कुणी एखादं पान नवं लिहिलं...”

“मास्तर, आज वद्य एकादशी. माझा उपवास आहे, म्हणून मी रागावत नाही. द्वादशीला विचाराल तर रागावेन.” मग दौत उपडी ठेवत म्हणाले, “मी खोटं लिहीन तर चांगलं लिहीन, एवढं ध्यानात ठेवा.”

३

दुसऱ्या दिवशी भवानीबाई मागच्या अंगणात केळीची पानं पुसत बसली होती. गोपालकृष्णराव पायरीवर टेकले.

“अक्का, एक विचारू? काल तुम्ही खूश झाला नाहीत.”

“झाले की.” तिनं एक पान उलटं केलं. “बा वीर निघाले, मज आनंद नाहीं होणार?”

“पण?”

“माझी आई बा गेल्यावर चार वर्षं जगली. घरातल्या बायकांनी सांगितलं, तो मेला असेल, कुंकू पूस. ती म्हणाली, देह पाहिल्यावाचून पुसणार नाहीं. हळदकुंकू लावून फिरे, आणि लोक पाठीमागं हसत. कुंकू लावूनच गेली. म्हणून तिचं श्राद्ध अविधवा नवमीस होतं. नुकतंच झालं, शनिवारी. मी त्यासाठीच आले.” तिनं पान बाजूला ठेवलं. “आता हे पान म्हणतं, बा आषाढातच बुडाले. मग ती चार वर्षं काय होती? बा वीर झाले, मास्तर, आणि माझी आई खोटी झाली.”

“तुम्ही ते पान आधी पाहिलं होतं?”

“ती बखर मज कधी हातात दिली नाहीं कुणी.” तिनं त्यांच्याकडे सरळ पाहिलं. “तुम्ही असं विचारता, म्हणजे काही तरी आहे.”

गोपालकृष्णराव उठले. “शुक्रवारपर्यंत थांबा,” ते म्हणाले.

“पस्तीस वर्षं थांबलेच आहे की,” ती म्हणाली.

४

बुधवारी त्यांचा तास होता. विषय नेहमीचाच: रोमची मानकरी घराणी. घराच्या दालनात पूर्वजांचे मेणाचे मुखवटे ठेवत. घरात कुणी मेलं की ते मुखवटे भाड्याच्या माणसांना चढवून मिरवणूक काढत आणि चौकात एक जण उभा राहून घराण्याची कीर्ती सांगत असे. पुढे इतिहासकारांनी हीच भाषणं उतरवून घेतली. त्यात न जिंकलेल्या लढाया शिरल्या, न मिळालेली पदं शिरली. आणि पुरावा मागायची सोय नव्हती, कारण गॉल लोकांनी शहर जाळलं तेव्हा जुनी दप्तरं गेली होती.

“तेव्हा खोटा मजकूर हाती लागला,” ते मुलांना म्हणाले, “की पहिला प्रश्न विचारा: स्तुती कुणाची?”

वर्गातून शिक्षकांच्या खोलीत येईपर्यंत त्या प्रश्नाचं उत्तर त्यांना छळत होतं. स्तुती तुकोजींची. लाभ भवानीबाईचा. नियम लावला तर पान तिनंच लिहिलं. पण जिनं आईचं कुंकू इतकी वर्षं जपलं, ती ते आपल्या हातानं पुसेल?

खोलीत गणिताचे शंकरनारायण अय्यर विड्याचं पान लावत बसले होते. गोपालकृष्णरावांनी तमिळमध्ये त्यांना थोडक्यात सगळं सांगितलं, नावं न घेता, आणि नव्या पानाची पहिली ओळ, तारखेपर्यंतच, कागदावर लिहून दाखवली.

“मुलगी,” अय्यर म्हणाले. “दोन आणि दोन चार.”

“दोन आणि दोन नेहमी चार नसतात.”

“गणिताच्या माणसाला हे सांगता?” अय्यरांनी कागद हातात घेतला. “आषाढ अठरा. म्हणजे आमची आडी पदिनेट्टु, आडी महिन्याची अठरावी. नदीला पूर येतो, बायका ओटी भरतात. बरोबर आहे, त्या दिवशी कोणीही बुडू शकतो.” ते खो खो हसले. “पण राव, तुम्हा मराठ्यांना अठरा कुठून आला? आज आमच्या पुरट्टासी महिन्याची पंधरा, उद्या सोळा, परवा सतरा, आमचा सूर्य तीसपर्यंत सरळ मोजतो. तुमच्या चंद्राला पंधराच्या पुढे मोजता येत नाही!”

गोपालकृष्णरावांनी कागद परत घेतला. बराच वेळ ते त्या एका आकड्याकडे पाहत राहिले.

“राव? रागावलात?”

“नाही,” ते म्हणाले. “कॉलेजात जुनी पंचांगं कुठं ठेवतात?”

५

गुरुवारी दुपारी एकोजीराव तिण्णैवर, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, विडा लावत बसले होते. गोपालकृष्णराव शेजारी बसले आणि एकेचाळिसावं पान त्यांनी दोघांच्या मधे ठेवलं.

“एकोजीराव, हे पान तुमच्या वडिलांचं नाही.”

“कोण म्हणतं?”

गोपालकृष्णरावांनी वही उघडून दाखवली. “शुक्रवारी ते ‘किल्ल्यांचा जुडगा’ असं सुरू होत होतं. आणि शेवटचं एक कोरं पान कमी झालं आहे.”

एकोजीरावांनी विडा तसाच तळहातावर धरला. “सुंदररावांनी केलं असेल. त्यांचं अक्षर पाहा.”

“अक्षर तुम्हा तिघांचं एकच. तारीख पाहा. आषाढ १८. आपल्याकडे शुद्ध प्रतिपदेपासून पौर्णिमा, मग वद्य प्रतिपदेपासून अमावास्या. पंधराच्या पुढे तिथी नाही. शुद्ध की वद्य, तेही नाही. थोरल्यांनी वीस पानं लिहिली, एकही तिथी अशी नाही. सुंदररावांना विचाराल तर ते खोकल्याचीसुद्धा तिथी सांगतील. भवानीबाई नवमी, एकादशी यांच्यावरच जगते. आषाढाचा अठरावा दिवस तिच्या तोंडून यायचा नाही.”

“मग?”

“हा आकडा आडी महिन्याचा आहे. ज्याचा दिवस तमिळ कुळांबरोबर जातो, पेरणी आणि पाणी ज्याच्या डोक्यात तमिळ महिन्यानं चालतं, त्यानं आडीचं मराठी केलं आषाढ आणि अठरा तसेच ठेवले. मी त्या वर्षाचं पंचांग पाहिलं. आडीच्या अठरावीला आषाढ संपून श्रावण लागला होता. सोमवारी तुम्ही मला म्हणालात, भाद्रपद वीसला माणूस मद्रासेस जातो. तुम्हांला पुरट्टासीची वीस म्हणायची होती. श्राद्धाची तिथी तुम्हांला भटजी सांगतात. स्वतः मोजता तेव्हा तुम्ही असे मोजता.”

समोरच्या रस्त्यानं एक बैलगाडी तिरुनागेश्वरमची यात्रेकरू मंडळी घेऊन गेली. ती दिसेनाशी होईपर्यंत एकोजीराव तिच्याकडे पाहत राहिले.

“मी काकांची निंदा लिहिली असती तर म्हणायचं,” ते अखेर म्हणाले. “मी तर त्यांना मोठं केलं.”

“तिथंच मी फसलो होतो. खोट्या पानात स्तुती कुणाची, एवढंच मी बघत आलो. त्या पानानं पुसलं काय, ते बघायला हवं होतं. तुमच्या पानात किल्ली नदीत जाते, कधी न फुटलेलं कुलूप फुटतं. मग किल्ली कुणी दिली, हा प्रश्नच उरत नाही. कुणाचंच नाव उरत नाही. तुकोजींचं नाही.” त्यांनी आवाज उतरवला. “आणि दुसऱ्याही कुणाचं नाही. खरं पान जाळलंत?”

एकोजीरावांनी मान हलवली. “शुक्रवारी तुम्ही म्हणालात शिलेखान्याची हकिगत येते, म्हणून मी रात्री उलगडून बघितलं. त्याआधी कधी वाचलं नव्हतं. बाबांच्या हातचं ते. कसं जाळू?”

ते आत गेले. परत आले तेव्हा त्यांच्या हातात चार घड्या घातलेलं पान होतं आणि मागे उंबऱ्याशी भवानीबाई उभी होती. तिनं किती ऐकलं, ते कुणी विचारलं नाही.

“वाचा, अण्णा,” ती म्हणाली.

“मास्तर वाचतील.”

“नाहीं. तुम्ही.”

एकोजीरावांनी वाचलं. सुरुवातीला त्यांचा आवाज नेहमीचाच होता.

‘किल्ल्यांचा जुडगा आम्ही आपले हाते साहेबास दिला. न देतो तर शिपाई मरते. दिला तो दिला. गावात नाव धाकट्यावर आले. आम्ही खोडून काढणार होतो. तुकोजी बोलिला, दादा, तुम्हांमागे पाच लेकरे आणि सारे घर, मजमागे एक लेक. नाव मजवर राहो, लेकीस तुम्ही वाढवा. मरुदानल्लुरी भजनमठात राहिला. टाळ घेई, पाणी भरी. आम्ही वर्षातून दो वेळा भेटत होतो. त्याची स्त्री वारली ते आम्ही सांगितले, तेव्हा तीन दिवस जेविला नाही. शके १७८५ कार्तिक वद्य दशमीस तेथेच देह ठेविला. आम्ही कोणास सांगितले नाही. हे पान वाचणाराने सांगावे.’

शेवटचं वाक्य वाचताना त्यांना दोनदा थांबावं लागलं.

भवानीबाई उंबऱ्यावर खाली बसली. “मरुदानल्लूर,” ती म्हणाली. “चार मैल. मी तिथं भजनास दोनदा गेले आहे लहानपणी, थोरल्या काकांच्या गाडीतून. पाणी कुणी दिलं तें मज आठवत नाहीं.” मग तिनं बोटांवर हिशेब केला, ओठ न हलवता. आई शके १७८२ साली गेली होती. “आई गेली तेव्हा बा होते,” ती म्हणाली. “होते, अण्णा. तिचं कुंकू खरं होतं.”

“भवानी,” एकोजीराव म्हणाले, “उद्या मी काकांचं नाव घेतो. मास्तर माझंच पान छापतील, तुझे बा वीर राहतील. हे पान आपल्या तिघांत राहू दे. बाबांना गेल्याला वीस वर्षं झाली. त्यांचे सगळे भाऊबंद उद्या पानावर बसणार. माझे मुलगे बसणार. त्यांच्यासमोर बाबांनीच किल्ली दिली असं मी कसं म्हणू?”

तिनं गोपालकृष्णरावांकडे पाहिलं. ते बोलणार नव्हते. हे घर त्यांचं नव्हतं. पण विचारल्यावर त्यांना खोटं बोलता आलं नाही.

“मी तीस वर्षं रोमच्या घराण्यांच्या कथा शिकवतो आहे,” ते म्हणाले. “जिंकलेल्या लढायाही सांगतात, न जिंकलेल्याही. आपली चूक आपल्या हातानं लिहून, खाली ‘वाचणाराने सांगावे’ म्हणणारा घरचा माणूस मला अजून तिथं भेटलेला नाही. एकोजीराव, तुमच्या वडिलांना मुखवटा नको होता. तुम्ही चढवताय.”

एकोजीरावांनी पान घडी केलं, पुन्हा उलगडलं. तळहातावरचा विडा कधीच खाली पडला होता.

६

शुक्रवारी दुपारपर्यंत मंडळी जमली. तंजावरहून दोन गाड्या आल्या. गोपालकृष्णराव भिंतीशी, सुंदररावांच्या शेजारी बसले होते. सुंदररावांना सकाळीच सगळं सांगितलं होतं. ते एवढंच म्हणाले, “अठरा लिहिलं त्यानं? शी. तेवढ्यासाठी तरी मजकडे यायचं.”

तर्पणाआधी एकोजीराव उभे राहिले आणि त्यांनी पान वाचलं. तंजावरचे एक म्हातारे मधेच म्हणाले, “पुरे, एकोजी, श्राद्धाच्या दिवशी हे कशास?” एकोजीरावांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. ‘आपले हाते साहेबास दिला’ या शब्दांवर त्यांचा मोठा मुलगा उठून बाहेर गेला. ते थांबले नाहीत. पान संपल्यावर त्यांनी ते घडी न करता सर्वांसमोर ठेवलं आणि भटजींपुढे बसले.

वडील झाले; त्यांचं नाव एकोजीरावांनी नेहमीच्या आवाजात घेतलं. आजोबा, पणजोबा झाले. तीळ आणि पाणी अंगठ्यावरून ताम्हनात पडलं.

“पुढे?” भटजी म्हणाले. या घरात इथून पुढे ते मातृवंशाकडे वळत. त्यांनी तसं तोंड उघडलंही होतं.

“पितृव्य,” एकोजीराव म्हणाले. “तुकोजी.”

भटजी क्षणभर थबकले. मग त्यांनी गोत्र जोडलं आणि हात पुढे करायची खूण केली. एक ओंजळ. दुसरी. दुसऱ्या वेळी नाव जरा मोठ्यानं आलं. भवानीबाई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, एका हातात खिरीचा डाव.

तिसऱ्या वेळी एकोजीरावांनी नाव घेतलं ते तिण्णैवर उभ्या असलेल्या त्यांच्या मुलालाही ऐकू गेलं. तो आत आला आणि मागच्या रांगेत आपल्या जागी बसला.

भवानीबाईनं डाव खाली ठेवला आणि केळीची पानं मांडायला घेतली.